किरणांचा टमाटर आणि रडक्या तोंडाचा डबा

मी आयुष्यात कधी कुणाच्या स्वयंपाकाला नावं ठेवली नव्हती. या एका गुणापायी एका मॅडमची पीएचडी बुडता बुडता राहिली.

गुण घरचाच. आमच्याकडे ताटावर बसलं की समोर आलं ते खायचं, आणि वाढणारीनं "कसं झालं?" विचारलं की "मस्त झालं" म्हणायचं. भाजीत मीठ दोनदा पडलं असलं तर दोनदा म्हणायचं. माझे बाबा एकदा तसली वांग्याची भाजी घाम पुसत पुसत खाऊन उठले आणि हात धुताना म्हणाले, "आज मजा आली." माय सगळ्यांत शेवटी जेवायला बसायची. पहिला घास तोंडात गेला की तिला कळायचं. तोवर आम्ही अंगणात पोचलेलो असायचो. ती नुसतं ताटात पाणी ओतून घ्यायची. त्यात काही वावगं आहे हे मला कधी वाटलं नाही. उलट मी स्वतःला सुसंस्कृत समजत होतो.

आठवीत शाळा सुटली. मास्तरांना वाईट वाटलं असेल, पण त्यांनीही तसं बोलून दाखवलं नाही. मी एका आचाऱ्याच्या हाताखाली लागलो आणि लग्नाच्या पंगती वाढत नागपूर, सिवनी करत करत जबलपुरात पोचलो. इथं मराठी घरं पुष्कळ. फॅक्टरीतली, रेल्वेतली, कचेऱ्यांतली. पोरीच्या लग्नात वरण-भात आणि वडाभात आपल्याकडचाच पाहिजे म्हणून त्यांना आमच्यासारखी माणसं लागतात. इतक्या लग्नांत वाढलं, स्वतःचं तेवढं राहून गेलं. आचारी वारला तेव्हा मी एका कॉलेजच्या कँटीनमध्ये शिरलो. कँटीन बंद पडलं तेव्हा मॅडम भेटल्या.

म्हणजे त्या आधीपासून होत्याच. रोज दुपारी कोपऱ्यात बसून पोहे खायच्या. वयानं माझ्या पुतणीएवढ्या. जबलपुरातच जन्मलेल्या, घर मराठी, पण मराठी बोलायची म्हणजे घरात आजीशी तेवढी. कँटीनला कुलूप लागलं त्या दिवशी मी पातेली मोजून देत होतो, तर त्या येऊन म्हणाल्या, "काका, टमाटर उकळता येते ना तुम्हाले? बहुत सारे?"

मी म्हटलं, "मॅडम, टमाटरच काय, सांगाल ते उकळतो."

अशा रीतीनं मी विज्ञानात आलो.

मॅडमचं काम असं होतं. टमाटरचा घट्ट रस काढायचा, पाकिटांत भरून सील करायचा आणि त्यातली काही पाकिटं किरणं मारायला पाठवायची. काहींना कमी, काहींना मध्यम, काहींना भरपूर. काही तशीच ठेवायची, तुलनेसाठी. मग ती सगळी पाकिटं महिनोन्‌महिने ठेवून बघायचं की किरणांनी जंतू मेले ते ठीक, पण टमाटरमधलं चांगलं काय काय मेलं. त्या चांगल्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात. हा शब्द मला नीट म्हणता यायला एक अख्खा पावसाळा गेला.

"काका, सेब कापून ठेवला तर काला पडते ना?" मॅडमनी समजावलं होतं. "तसंच शरीरात पण आतून होत राहते. टमाटरचा जो लाल रंग आहे, तो त्याला रोकते. विटामिन सी पण रोकते. मला हे बघायचं की किरण लागल्यावर ते किती बचते."

"आणि किरण पोटात नाही जात?"

"एक्स-रे काढल्यावर तुम्ही एक्स-रे घरी घेऊन जाता का?"

हे मला पटलं. आमच्या ड्रायव्हरला नाही पटलं. लॅबची गाडी चालवणारा हा इसम ओमती मोहल्ल्यात राहायचा, आणि जबलपुरात जे काही घडतं ते आपल्याला विचारून घडतं असा त्याचा समज. माझ्या हातात पाकीट दिसलं की लांबूनच ओरडायचा, "अरे महाराज, दूर रखो! रात को चमकता होगा ये!" आणि वीज गेली की, "ज़रा दो पाकिट लाना भैया, उजाला करना है."

मला मात्र त्या कामाचा अभिमान होता, आणि अभिमानापेक्षा भीती जास्त. मी टमाटर धुवायचो, उकळत्या पाण्यातून काढायचो, मशीनमधून साल-बिया वेगळ्या करायचो, मोठ्या पातेल्यात रस आटवायचो. यात चुकायला जागा कमी, तरी मी रोज घरी जाताना आज काय चुकलं असेल याची उजळणी करायचो. आठवी शिकलेल्या माणसाला पांढरा कोट घातला की सारखं वाटतं, मागून कुणीतरी येऊन म्हणेल, भैया, ये कोट आपका नहीं है.

रसाचा लाल रंग बाटलीत उतरवल्यावर त्या बाटलीला मी चांदीचा कागद गुंडाळायचो. लाल रंग उजेडाला घाबरतो, उजेडात बसला की कमी होतो. मला तो जवळचा वाटायचा. विटामिन सी मोजायची रीत वेगळी होती. मॅडम वरून एकेक थेंब रंग सोडायच्या आणि गाळून फिका केलेला रस गुलाबी व्हायची वाट बघायच्या. लवकर गुलाबी झाला म्हणजे विटामिन कमी उरलं. भरपूर किरणं लागलेलं पाकीट नेहमी लवकर गुलाबी व्हायचं. इतका सुंदर गुलाबी रंग आणि मॅडमचं तोंड उतरलेलं. मला सुरुवातीला कळायचंच नाही, वाईट बातमी एवढी छान काहून दिसते.

पण त्यांची आशा लाल रंगावर होती. तो बऱ्यापैकी टिकून राहायचा. आणि भरपूर किरणांचं पाकीट फ्रिजशिवाय राहिलं तरी फुगत नव्हतं. "काका, सोचो," त्या म्हणायच्या, "सदर छावणीमधले जे फौजी आहेत, त्यांची पोस्टिंग कुठं कुठं असते. तिथं फ्रिज नाही. तिथं हे पाकीट जाईल." त्या भरपूर किरणांच्या पाकिटाकडं त्या अशा बघायच्या, जशी बाई आपल्या हुशार मुलाकडं बघते, गणितात थोडा कच्चा असला तरी.

किरणं मारायची जागा नागपूरकडं होती. बर्फाचा डबा घेऊन बसनं मीच जायचो. तिलवाऱ्याचा पूल ओलांडला, खाली नर्मदा दिसली की मला उगाच घरी गेल्यासारखं वाटायचं. खरं म्हणजे माझं गाव नागपूरच्या पुढं, आणि बर्फ तेवढा थांबणारा नव्हता. म्हणून एकदा माय स्वतःच नागपूरच्या बस स्टँडवर येऊन बसली, मांडीवर डबा घेऊन.

"त्या पेटीत काय हाये?"

"टमाटरचा रस."

"भेदरं?" टमाटरला आमच्याकडं भेदरं म्हणतात. "जबलपूरहून भेदरं घेऊन आला तू? इकडं काय दुष्काळ पडला का भेदऱ्याचा?"

"त्याला किरणं मारायची आहेत, माय."

"कायले? त्यानं काय केलं?"

मी अँटिऑक्सिडंट समजावून सांगितलं. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि डबा उघडला. आत भाकर आणि भेदऱ्याची चटणी, जवस घातलेली. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आलं. मीठ. भेटीचं पाणी म्हणून खपून गेलं ते.

"कशी झाली?"

"मस्त," मी म्हटलं. पेटी बाजूला ठेवून सगळी चटणी खाल्ली, आणि किरणांच्या केंद्रावर पोचेपर्यंत तीन बाटल्या पाणी प्यालो.

पुढं पाकिटं ठेवून झाली, रंग मोजून झाला, गुलाबी थेंब मोजून झाले. राहिली फक्त चव. मॅडम म्हणाल्या, यंत्र कितीही सांगू दे, माणसाच्या तोंडाला आवडलं नाही तर तो टमाटर कुणी खाणार नाही. म्हणून चाखणारी माणसं पाहिजेत. लॅबमधले आम्हीच आठ-दहा जण ठरलो: ड्रायव्हर, गेटवरचे गार्ड, झाडू मारणारी दीदी, ऑफिसचे बाबू, आणि मी. मी बनवणारा होतो, मला चाखायला बसवायला नको होतं, पण माणसं कमी पडत होती.

व्यवस्था मोठी गमतीची. एका खोलीत लाल बल्ब लावला, म्हणजे सगळ्या वाट्या सारख्याच लाल दिसाव्या आणि रंग बघून कुणी फसू नये. वाट्यांवर नावं नाहीत, नुसते नंबर. प्रत्येक वाटीजवळ तिच्याच नंबरचं बाटलीचं एक झाकण. समोर तीन पत्र्याचे डबे, त्यांवर कागद चिकटवलेला: एकावर हसरं तोंड, एकावर सपाट, एकावर रडकं. चाखायचं आणि झाकण आपल्या मनासारख्या डब्यात टाकायचं. लिहिण्या-वाचण्याचं काम नको म्हणून मॅडमनी ही युक्ती केली होती. आम्हा अडाणी लोकांची केवढी काळजी. आणि काळजीपोटीच त्या स्वतः ट्रे घेऊन उभ्या राहिल्या. एकेका वाटीनंतर पाणी द्यायच्या, मुरमुरे द्यायच्या आणि तोंडाकडं बघायच्या.

मी पहिली वाटी चाखली. चांगली होती. हसरा डबा. दुसरी जरा फिकी होती, पण मॅडम बघत होत्या. हसरा डबा. तिसरी तोंडात घेतली आणि जीभ आत पळाली. एवढं मीठ आणि एवढा सिरका, की मायची चटणी आठवली. मी मॅडमकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, रात्र रात्र जागून. या बाईनं मला कुलूप लागलेल्या कँटीनमधून उचलून पांढरा कोट दिला होता. मी गिळलं आणि झाकण हसऱ्या डब्यात टाकलं. जरा जोरातच टाकलं, म्हणजे त्यांना ऐकू यावं.

बाहेर आलो तर ड्रायव्हर मिशा पुसत होता. "क्या बात है! मैडम ने कमाल कर दिया। तीन नंबर तो ज़बरदस्त!"

"तुलाही आवडला?" मी विचारलं.

"अरे, खाना है, खिलाने वाली खड़ी है, बेचारी रात-दिन एक कर रही है। बुराई करेंगे क्या?"

संध्याकाळी मॅडमचे सर आले. सर म्हणजे ज्यांच्या हाताखाली मॅडमचं संशोधन. जबलपुरातले जुने, हिंदी बोलणारे, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. त्यांनी डबे उघडले. हसरा डबा काठोकाठ. सपाट डब्यात एकच झाकण, गार्डच्या हातातून चुकून पडलेलं, असं तोच शपथेवर म्हणत होता. रडक्या तोंडाचा डबा रिकामा. इतका रिकामा की सरांनी उलटा करून आत बोट घालून पाहिलं.

"ये तीन नंबर में मैंने ख़ुद मुट्ठी भर नमक और सिरका डाला था," सर म्हणाले. "देखने के लिए, कि लोग सच में चख रहे हैं या नहीं। और इसे सबसे ज़्यादा हँसी मिली है।" मग आमच्याकडं वळले. "भाइयो, ये प्रयोग था, शादी की पंगत नहीं।"

 मी तर पंगतीतच वाढलो होतो. मला त्यांचं म्हणणं शिवी वाटलं नाही, ओळख वाटली.

मॅडम खाली बसल्या. मोठ्यानं रडल्या नाहीत, पण लाल बल्बाच्या उजेडात त्यांचे ओले डोळे मला स्पष्ट दिसले. चाखण्याचा सगळा भाग रद्द. सरांनी हिशेब सांगितला, आणि तो मला पण कळला. इतके महिने ठेवलेल्या पाकिटांचा एकच शेवटचा संच उरला होता. तेवढ्यानं एकदाच पुन्हा चाखवता येईल. तेही असंच झालं तर पुढच्या हंगामात नवे टमाटर, नवी किरणं, पुन्हा सगळं पहिल्यापासून. मॅडमची शिष्यवृत्ती संपलेली. दुसऱ्या शहरात एक नोकरी ठरलेली, पण ती प्रबंध दिला तरच. म्हणजे सगळं आमच्या जिभेवर आलं होतं, आणि आमच्या जिभेला मस्त म्हणण्यापलीकडं काही येत नव्हतं.

सर गेल्यावर ड्रायव्हर माझ्या कानाशी आला. "तेरा तो भला हो गया रे। अगला साल फिर टमाटर, फिर तनख़्वाह।"

 तो विचार त्याच्या आधी मला आला होता.

पुढचे दिवस मी एक असं काम केलं जे मी आधी कधी केलं नव्हतं. एकेकाला गाठून, हात जोडून सांगितलं की मॅडमच्या जेवणाला नावं ठेवा. गार्ड म्हणाला, मी घरात बायकोच्या जेवणाला ठेवली नाहीत, मॅडमच्या काहून ठेवू? तोही आमच्याकडचाच, वर्ध्याचा. बाबू म्हणाले, "भैया, अन्न है। पाप लगेगा।" झाडू मारणारी दीदी म्हणाली, "मैडम इतना हँस के देती है, मैं रोने वाला डिब्बा कैसे छुऊँ? हाथ ही नहीं जाता।" आणि ड्रायव्हरनं कमरेवर हात ठेवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"उसी के हाथ का कोट पहन के उसी की बुराई करवा रहा है? तू तो बड़ा नमकहराम निकला।"

"अरे, खरं सांगितलं नाही तर मॅडमचं काम वाया जाईल."

"सच? किसको चाहिए सच? तेरी शादी हुई नहीं, तुझे क्या पता घर कैसे चलता है।"

शेवटी मी मॅडमकडेच गेलो. म्हटलं, "मॅडम, तुम्ही खोलीत थांबू नका."

"काहून?" त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकून बरं वाटलं. आजीचा होता.

"तुम्ही समोर असलात की कुणाला खरं बोलता येत नाही."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "म्हणजे काका, तुम्ही पण? तीन नंबर तुम्हाला पण खराब लागला होता?"

मी मान खाली घातली. "खूप."

"मग मला दिवसभर का सांगत होते, मस्त, मस्त?"

 मी म्हटलं, "ट्रे मी आत ठेवतो. तुम्ही बाहेर बसा."

दुसऱ्यांदा चाखायचा दिवस आला. त्या बाहेरच्या बाकावर बसल्या, बाकीचे रांगेत उभे. एकेकानं आत जायचं, दार लावून घ्यायचं. पहिला मीच. वाट्यांची ओळ प्रत्येकासाठी वेगळी लावलेली, कुठली कशाची हे फक्त सरांच्या खिशातल्या कागदाला माहीत. लाल उजेडात मी एकटा आणि पलीकडं दाराच्या फटीतून मॅडमच्या चपला दिसत होत्या. त्या हलत नव्हत्या.

पहिली वाटी बरी. सपाट डबा, आणि सपाटसुद्धा टाकताना मला चोरी केल्यासारखं झालं. दुसरी चांगली, खरंच चांगली, हसरा. तिसरी तोंडात घेतली. मीठ नव्हतं, सिरका नव्हता. काही तसं वाईट नव्हतं. पण टमाटर कुठं गेला होता? आंबटपणा बसका, मागं लोखंडाच्या टाकीतल्या पाण्यासारखी चव. मी पुन्हा घोट घेतला, कदाचित माझी चूक असेल म्हणून. चूक नव्हती. हा रस मी आटवला होता. पातेल्याशी तासन्‌तास उभा राहून, खाली लागू नये म्हणून ढवळत. आणि ही ज्या कुठल्या किरणांची वाटी असेल, तिच्यावर मॅडमची आशा असू शकेल, हे मला कळत होतं.

मॅडम दिसत नव्हत्या तरी मला त्यांचा चेहरा दिसला. मग का कोण जाणे, मला मायचा दिसला. सगळे उठून अंगणात गेल्यावर शेवटचं ताट घेऊन बसलेली, पहिला घास तोंडात घेऊन थांबलेली. मस्त म्हणून आम्ही तिच्यावर काही उपकार केले नव्हते. तिला कळण्याची वेळ तेवढी आम्ही सगळे निघून जाईपर्यंत लांबवली होती.

मी झाकण रडक्या डब्यात टाकलं.

आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी बाकीच्या दोन डब्यांत फडकं घातलं होतं, हा तेवढा रिकामाच राहिला होता. पत्र्यावर झाकण पडलं आणि असा काही टणत्कार झाला की मीच दचकलो. दाराबाहेरची कुजबुज थांबली. मॅडमच्या चपला हलल्या.

बाहेर आलो तर सगळे माझ्याकडं बघत होते. मॅडम बघत नव्हत्या. ड्रायव्हरनं डोळे मोठे केले. "डाल दिया?"

मी मान हलवली.

तो आत गेला.  मग आतून टण्. त्याच्या मागून दीदी गेली. टण्. गार्ड गेला, आणि हे काय, टण्-टण्, दोनदा. वाट्या सगळ्यांच्या वेगवेगळ्या क्रमानं होत्या, तेव्हा त्या आवाजावरून कुठली वाटी हे कुणाला कळणं शक्य नव्हतं. कळलं एवढंच, की आधी कुणीतरी पाप करून झालंय आणि छत कोसळलेलं नाही. बाबू बाहेर येताना हात धुतल्यासारखे चोळत होते. म्हणाले, "सच कहूँ तो हल्का लग रहा है।"

संध्याकाळी सरांनी खिशातला कागद काढला. सपाट आणि हसरं इकडंतिकडं विखुरलेलं होतं. रडकं जवळजवळ सगळं एकाच वाटीचं: भरपूर किरणांची. मॅडमचा हुशार मुलगा.

त्यांनी ती झाकणं हातात घेतली. खेळण्यातली नाणी मोजतात तशी एकावर एक रचली. मी भिंतीशी उभा होतो, माफी मागायची की अभिनंदन करायचं हे ठरवत.

"एकालाही नाही आवडलं, काका?" त्यांनी विचारलं. "किसी को भी?"

"नाही मॅडम."

"तुम्हाला?"

"लोखंडासारखं लागलं." मग मला राहवलं नाही. "पण मधल्या किरणांची वाटी चांगली होती. खरंच. त्या दिवशीसारखी चांगली नाही, खरी चांगली."

सर चष्मा शोधत हसले. "अब लिखने लायक कुछ हुआ। सब अच्छा-अच्छा होता तो कौन मानता?"

मग मॅडमनी लिहिलं. लाल रंग किरणांत बऱ्यापैकी टिकतो, विटामिन सी जेवढी किरणं जास्त तेवढं जातं, भरपूर किरणांचं पाकीट टिकतं पण माणसाच्या तोंडाला चालत नाही, मध्यम मात्र चालतं. मला वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं, एवढंच? एवढ्यासाठी एवढं? पण त्यांना त्या एवढ्याचाच आनंद झाला होता. प्रबंध वेळेत गेला. नोकरी मिळाली. जाण्याआधी सदरमध्ये त्यांनी सगळ्यांना जेवायला नेलं. ड्रायव्हर ताट चाटूनपुसून म्हणाला, "दाल में ज़रा नमक कम है," आणि इतक्या अभिमानानं सगळ्यांकडं पाहिलं, जणू त्यालाच पदवी मिळाली.

टमाटरचं काम संपलं, म्हणून माझंही संपलं. हे आधीच माहीत होतं. पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून परत दिला. कुणी मागून येऊन मागितला नाही, मीच दिला, एवढं मात्र बरं झालं. ड्रायव्हर बस स्टँडपर्यंत सोडायला आला आणि वाटेभर म्हणत राहिला, "एक बार झूठ बोल देता तो सालभर और था तू इधर। अपने हाथ से अपनी छुट्टी कर ली!" उतरताना मात्र त्यानं माझी पिशवी स्वतः खांद्यावर घेतली.

पिशवीत मध्यम किरणांची उरलेली काही पाकिटं होती. मॅडमनी दिलेली. "आजीला विचारलं, ती म्हणाली, तुमच्या आईला द्या. खायला चालतात, डरू नका," त्या म्हणाल्या होत्या. तिलवाऱ्याचा पूल गेला. या वेळी बर्फाची पेटी नव्हती, म्हणून नागपूरला थांबायची घाई नव्हती आणि पुढं गावापर्यंत जाता येत होतं. पुढं काय करायचं, परत जबलपूर की इकडंच, हे मात्र मनात घिरट्या घालत होतं. अजून घालतं.

मायनं पाकीट उघडून वाटीत काढलं. बोटानं चाटलं. मी समोर उभा. पंगतीत उभा राहायचो तसाच.

"कसं आहे, माय?"

"बेचव हाये," ती म्हणाली. विचार करायलाही थांबली नाही. "एवढ्या दुरून आणलं, किरणं मारली, मोजलं काय, चाखलं काय. त्यापरीस ताजी भेदरं काऊन नाही खात तुम्ही लोकं?"

मला हसू आलं. रडक्या डब्यासाठी मी एवढे हात जोडत फिरलो आणि माझ्याच घरात एक बाई विनवणीशिवाय झाकण टाकत होती.

मग तिनं ताट वाढलं. भाकर, आणि तीच चटणी, जवसाची. पहिला घास घेतला. मीठ होतं. पहिल्यासारखंच होतं.

"कशी झाली?"

मी घास गिळला. पाणी प्यालो. कानात तो पत्र्याचा आवाज होता.

"मीठ जास्त आहे, माय. नेहमीच असतं."

तिचा हात परातीवर थांबला. मी घाबरलो. आठवी शिकलेला, परत आलेला, बेकार माणूस, आणि मायच्या चटणीला नाव ठेवतो. तिनं बोट चटणीला लावून चाखलं. मान हलवली. माझ्याकडं पाहिलं, रागानं नव्हे, बुचकळ्यात पडल्यासारखं.

"मंग इतके वर्षं काऊन खाल्ली?"